विंडोज नव्याने टाकल्यावर टचपॅड, आवाज, वाय-फाय बंद? कुठून सुरुवात करायची आणि कोणत्या क्रमाने

लॅपटॉप फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकली, डेस्कटॉप समोर आला. आणि अक्षरं एवढाली मोठी, की निम्मी विंडो स्क्रीनच्या बाहेर. वाय-फायच्या चिन्हाच्या जागी पृथ्वीचा गोल. स्पीकरच्या चिन्हावर फुली. टचपॅडवर बोट घासावं तर बाण जागचा हलत नाही. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, असं वाटून पोटात गोळा येतो.

बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. कारखान्यातून निघताना लॅपटॉपमध्ये त्याच्या प्रत्येक भागासाठी ड्रायव्हर, म्हणजे तो भाग कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारे छोटे प्रोग्रॅम, भरलेले असतात. फॉरमॅटमध्ये ते पुसले जातात आणि विंडोज स्वतःजवळचे सर्वसाधारण ड्रायव्हर लावून वेळ मारून नेते. ज्या भागाला तसा ड्रायव्हर मिळत नाही, तो मुका बसतो. हे सगळं तासा-दोन तासांत मार्गी लागतं, मात्र क्रम पाळला तर. दिसेल तो ड्रायव्हर दिसेल तसा टाकत सुटलं की तेच काम दोन दिवस पुरतं.

इथे मेन्यूंची नावं विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्याने टाकणारे बहुतेक जण ११ च टाकत असणार. १० वर नावं थोडी इकडेतिकडे आहेत, पद्धत तीच.

आधी माउस आणि नेट

यूएसबीचा साधा माउस हाताशी ठेवा. तो नसेल तर विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, मग एम दाबा. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी, उघडतो. टॅब, बाणाच्या कळा आणि एंटर यांवर बरंच काही चालवता येतं. वेळ लागतो, पण अडत नाही.

नेटसाठी सगळ्यात सोपा उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे मिनिटभरात नेट येतं. केबल नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. बऱ्याच फोनवर, फोन स्वतः वाय-फायला जोडलेला असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. आयफोनचं तसं नाही. त्याला विंडोजवर आधी अॅपलचा ड्रायव्हर लागतो, आणि तो उतरवायला नेट लागतं. अंड्याआधी कोंबडी!

एक खाचखळगा इथे आहे. फोनचा डेटा वाचवायचा म्हणून लोक हे कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा जपून वापरायचं, करून टाकतात. मीटर्ड कनेक्शनवर विंडोज ड्रायव्हर उतरवतच नाही, निदान मुळात ठेवलेल्या सेटिंगप्रमाणे तरी नाही. मग अर्धा तास वाट पाहूनही काही घडत नाही. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात डिव्हायसेस, तिथे मीटर्ड कनेक्शनवर ड्रायव्हर उतरवण्याची परवानगी देणारं बटण आहे. ते चालू करा.

विंडोज अपडेटला त्याचं काम करू द्या

आता हात आवरायचा. कुठल्याही संकेतस्थळावर न जाता सेटिंग्जमधून विंडोज अपडेट उघडा आणि ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. जे येईल ते येऊ द्या, रीस्टार्ट करा, पुन्हा दाबा. दोन-तीन फेऱ्या लागतात, कारण काही भाग आधीच्या भागाचा ड्रायव्हर लागल्याशिवाय विंडोजला दिसतच नाहीत. त्यानंतर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, आणि त्याखाली ‘ड्रायव्हर अपडेट्स’. हा कोपरा बरेच जण उघडून पाहत नाहीत, आणि नेमका हवा तो ड्रायव्हर तिथे दबा धरून बसलेला असतो. या यादीत बायोस किंवा फर्मवेअर (विंडोजच्या आधी सुरू होणारा, हार्डवेअरमध्येच बसवलेला प्रोग्रॅम) असं काही दिसलं तर चार्जर लावल्याशिवाय त्याला हात लावू नका.

गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपचं निम्म्याहून अधिक काम इथेच संपतं. उरतं ते खरं काम.

डिव्हाइस मॅनेजर वाचायला शिका

पिवळ्या त्रिकोणातलं उद्गारचिन्ह दिसलं की लोक त्यावर उजवी क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबतात, विंडोज ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे’ म्हणून हात वर करते, आणि गाडी तिथेच अडते. त्याऐवजी त्या नावावर दोनदा क्लिक करा. पहिल्याच पानावर ‘डिव्हाइस स्टेटस’च्या चौकटीत एक कोड असतो.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. हा सगळ्यात बरा, ड्रायव्हर मिळाला की विषय संपला. कोड २२ म्हणजे ते उपकरण कुणीतरी बंद करून ठेवलंय, उजव्या क्लिकने ‘एनेबल’ करा. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही, इथे बहुधा चुकीचा किंवा जुना ड्रायव्हर लागलेला असतो. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं. पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्यावरही, योग्य ड्रायव्हर टाकूनही ४३ हटत नसेल, तर हार्डवेअरची शंका घ्यायला जागा आहे. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटली नाही. अशा वेळी सही तपासणं बंद करायचे उपाय सुचवणारे बरेच भेटतील. ऐकू नका, नवा ड्रायव्हर शोधा.

‘अदर डिव्हायसेस’खाली दिसणारी नावं गूढ वाटतात, पण ठरावीकच असतात. ‘पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ म्हणजे इंटेलच्या लॅपटॉपवर मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधला, आतली देखरेख करणारा भाग). ‘एसएम बस कंट्रोलर’ म्हणजे चिपसेटचा, मदरबोर्डवरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर हवाय. ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे वाय-फाय, ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे केबलचं नेट. ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ म्हणजे आवाज. ‘पीसीआय डेटा अॅक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर’ असं लांबलचक नाव दिसलं, तर इंटेलच्या लॅपटॉपवर तो बहुधा तापमान आणि वीज सांभाळणारा भाग असतो. तो ड्रायव्हर नसला तरी लॅपटॉप चालतो, त्यामुळे दुर्लक्ष होतं. मग पंखा उगाच भणभणतो आणि दोष विंडोजला मिळतो.

नुसतंच ‘अननोन डिव्हाइस’ असेल तेव्हा ‘डिटेल्स’ टॅबवर जा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. समोर येणाऱ्या ओळीत ‘व्हीईएन’ या तीन अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं बनवणाऱ्याची ओळख सांगतात, ‘डीईव्ही’पुढचे चार त्या उपकरणाची. ८०८६ म्हणजे इंटेल (हेच १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचं नाव, कुणीतरी हौसेनं घेतलेलं दिसतंय). १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ आणि १०२२ एएमडी, १०ईसी रियलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. पूर्ण ओळ कॉपी करून शोधली की उपकरणाचं नाव हमखास सापडतं. नाव सापडेपर्यंत काही उतरवायचं नाही, एवढा एक नियम मी पाळतो.

ड्रायव्हर कुठून घ्यायचे

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, आणि तेही सिरियल नंबर टाकून. नंबर लॅपटॉपच्या तळाशी स्टिकरवर असतो, स्टिकर पुसट झालं असेल तर बायोसमध्ये दिसतो. नुसत्या मॉडेलच्या नावाने शोधलं की घोळ होतो, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कधी इंटेलचं वाय-फाय कार्ड असतं, कधी रियलटेकचं, कधी मीडियाटेकचं. पानावर तिन्ही ड्रायव्हर एकाखाली एक मांडलेले असतात. कोणता घ्यायचा, हे वर काढलेल्या आयडीवरून ठरतं.

ग्राफिक्स, वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर थेट इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाकडून घेतले तरी सहसा चालतात, अनेकदा ते जास्त नवे असतात. आवाज, टचपॅड, एफएनच्या कळा आणि फिंगरप्रिंट मात्र लॅपटॉपच्या कंपनीचेच घ्या. स्पीकरचं ट्यूनिंग त्या-त्या मॉडेलसाठी केलेलं असतं. सर्वसाधारण ड्रायव्हरवर आवाज येतो, पण डब्यातून आल्यासारखा येतो.

‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणारे प्रोग्रॅम मी कुणाच्याही लॅपटॉपवर टाकत नाही. ते जवळपासचा ड्रायव्हर हाच योग्य ड्रायव्हर समजतात, आणि जाताना सोबत आणखी दोन पाहुणे ठेवून जातात.

टाकण्याचा क्रम

आधी चिपसेट, मॅनेजमेंट इंजिन आणि सिरियल आयओ. मग रीस्टार्ट. मग ग्राफिक्स, त्यानंतर आवाज, मग वाय-फाय आणि ब्लूटूथ, आणि शेवटी टचपॅड, कळा, फिंगरप्रिंट, कार्ड रीडर. एएमडीच्या लॅपटॉपवर पहिल्या तिन्हींचं काम त्यांचं चिपसेट पॅकेज एकटंच करतं.

या क्रमाचं महत्त्व मला एका स्क्रूच्या किमतीवर कळलं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोज टाकल्यावर टचपॅड मेलं. कंपनीच्या पानावर ‘माउस आणि टचपॅड’ या गटातला ड्रायव्हर दोनदा टाकला, उपयोग शून्य. केबल सैल झाली असणार, असं मनाने घेतलं. मागचं झाकण उघडलं, टचपॅडची चपटी पट्टी काढून पुन्हा बसवली, झाकण लावताना एक स्क्रू घरंगळून कपाटाखाली गेला तो गेलाच. टचपॅड तसंच मेलेलं. रात्री उशिरा डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट पाहिलं तर ‘अदर डिव्हायसेस’खाली दोन अननोन नोंदी होत्या, दोन्हींचा आयडी ८०८६. ते निघालं सिरियल आयओ. हल्लीची बरीचशी टचपॅडं आय-टू-सी नावाच्या वाहिनीवर बसलेली असतात आणि ही वाहिनी सिरियल आयओचा ड्रायव्हर उघडतो. वाहिनीच बंद, तर पलीकडचं टचपॅड विंडोजला दिसणार कसं? ड्रायव्हर पानावर होता, पण ‘चिपसेट’ गटात तिसऱ्या ओळीत. तो टाकला, आणि रीस्टार्टचा प्रश्न स्क्रीनवर असतानाच बाण हलायला लागला.

काही ड्रायव्हर सेटअपची फाइल न येता झिप म्हणून येतात. ते आधी पूर्ण उघडून एका फोल्डरमध्ये ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर उजवी क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, आणि तो फोल्डर दाखवा. आतल्या फोल्डरांतही शोधायची खूण चालू असू द्या. विंडोज स्वतः योग्य फाइल निवडते. झिप न उघडता दाखवली तर तिला काहीच सापडत नाही.

स्क्रीन

डिस्प्ले अॅडाप्टर्समध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर’ असं नाव दिसत असेल तर खरा ग्राफिक्स ड्रायव्हर लागलेला नाही. मोठी अक्षरं, ब्राइटनेस कमी न होणं, एचडीएमआयला लावलेला मॉनिटर न दिसणं, इतकंच काय पण पॉवर मेन्यूतून ‘स्लीप’ गायब होणं, या सगळ्यांचं मूळ हेच एक असतं. स्लीपचा पर्याय नाही म्हणून पॉवर सेटिंगमध्ये तासभर घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका, नंतर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या वेगळ्या चिपचा. लॅपटॉपची स्क्रीन बहुधा पहिल्यावरच चालते. आणि ड्रायव्हर लागल्यावर सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते, ते बघा. १४४ हर्ट्झची स्क्रीन गुपचूप ६० वर बसलेली सापडते.

आवाज, माइक, कॅमेरा

ड्रायव्हर टाकूनही आवाज नसेल तर टास्कबारच्या स्पीकरवर क्लिक करून आवाज नेमका कुठे पाठवला जातोय ते पाहा. एचडीएमआय मॉनिटर जोडला की विंडोज कधीकधी आवाज त्याच्याकडे वळवते, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. स्पीकर चालतोय पण आतला माइक मुका, हे इंटेलच्या लॅपटॉपवर दिसलं तर ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर राहून गेलाय का ते तपासा. तो आवाजाच्या मुख्य ड्रायव्हरच्या आधी टाकायचा.

कॅमेरा काळा दिसत असेल तर आधी त्याच्यावरची सरकती पट्टी बघा. हसू नका, होतं असं. काही लॅपटॉपवर कॅमेरा बंद करायची वेगळी कळ असते, आणि ती दाबलेली असेल तर कॅमेरा डिव्हाइस मॅनेजरमधूनही नाहीसा होऊ शकतो. त्यानंतर प्रायव्हसीतल्या परवानग्या.

वाय-फाय आहे, ब्लूटूथ गेलं

ही दोन्ही बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच कार्डावर असतात, पण ब्लूटूथ आतून यूएसबीला जोडलेलं असतं. त्यामुळे एक चालतं आणि दुसरं गायब, असं होऊ शकतं. ड्रायव्हर टाकण्याआधी एक साधी गोष्ट करा. शिफ्टची कळ दाबून धरा आणि मग ‘शट डाउन’ निवडा. नेहमीच्या शट डाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा काही भाग झोपलेल्या अवस्थेत डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उठवला जातो. शिफ्ट धरून बंद केलं की खरोखर बंद होतं. मग चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, चार्जर लावा, चालू करा. ब्लूटूथ परत आलं तर ड्रायव्हरचा दोष नव्हताच.

एफएनच्या कळा

ब्राइटनेस, कीबोर्डचा दिवा, माइक बंद करणं, या कळांमागे बहुधा कंपनीचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. कुठे त्याच्या नावात ‘हॉटकी’ असतं, कुठे ‘सिस्टिम इव्हेंट’, कुठे ‘सिस्टिम कंट्रोल इंटरफेस’. सपोर्ट पानावर तो ‘युटिलिटी’ गटात असतो, म्हणून निकामी जाहिरातबाजी समजून टाळला जातो. बाकीच्या युटिलिटी खुशाल टाळा, हा एक घ्या. कळा उलट्या वागत असतील, म्हणजे एफ ५ दाबल्यावर पान ताजं न होता दिवा लागत असेल, तर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून पाहा. त्याने नाही झालं तर बायोसमध्ये त्याचं सेटिंग असतं.

बायोसमधलं एक सेटिंग ज्याला हात लावायचा नाही

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकताना एसएसडी दिसत नाही. कारण व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळण्याची इंटेलची एक वेगळी व्यवस्था. यावर दोन उपाय आहेत: इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवायचा, किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. कोणताही निवडा, पण विंडोज टाकून झाल्यावर ते सेटिंग बदलू नका. बदललंत तर पुढच्या वेळी निळी स्क्रीन येते, तिच्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. आलीच तर घाबरून पुन्हा फॉरमॅट मारू नका, सेटिंग पूर्ववत करा.

सेटिंगची किरकोळ दिसणारी दुखणी

तारीख आणि वेळ आधी बघा. घड्याळ चुकलेलं असेल तर संकेतस्थळं सुरक्षित नसल्याचे इशारे येतात, अपडेट अडतात, अॅक्टिव्हेशन (विंडोज अस्सल असल्याची नोंदणी) अडतं, आणि माणूस नेटला दोष देत बसतो. लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवणाऱ्यांचं घड्याळ दर वेळी काही तासांनी सरकतं, कारण लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ धरतं आणि विंडोज स्थानिक. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की भांडण मिटतं.

अॅक्टिव्हेशन होत नसेल तर आवृत्ती तपासा. विंडोज ८ पासून, विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे टाइप करावी लागत नाही. पण ती होमची असेल आणि तुम्ही प्रो टाकली असेल तर जुळणार नाही.

एन्क्रिप्शनकडे मात्र नीट लक्ष द्या. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की बहुतेक लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे डेटा कुलूपबंद होतो, विचारत नाही. पुढे बायोस अपडेट केला किंवा सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच उघडून पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. की नसेल तर आतला डेटा परत मिळत नाही.

जुन्या ड्रायव्हरमुळे ‘कोअर आयसोलेशन’मधली मेमरी इंटेग्रिटी ही विंडोजची सुरक्षा-सोय चालू होत नसेल, तर विंडोज अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव तिथेच दाखवते. तो ड्रायव्हर नवा करा किंवा काढा. सुरक्षा बंद ठेवणं हा शेवटचा मार्ग.

जुन्या फायली ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमध्ये सापडल्या तर लगेच दुसरीकडे हलवा. विंडोज हा फोल्डर काही दिवसांनी स्वतःहून साफ करू शकते.

सगळं चालू लागल्यावर

झाकण बंद करून पाच मिनिटांनी उघडा आणि वाय-फाय, टचपॅड, आवाज परत येतात का पाहा. निम्मे चुकीचे ड्रायव्हर इथेच उघडे पडतात. इअरफोन लावून काढा. ब्राइटनेस वर-खाली करा. एखादा ड्रायव्हर नवा झाल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे.

मग सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे पुढे बिघडलं तर परत येण्यासाठी आजच्या स्थितीची नोंद, घ्या. नव्या विंडोजमध्ये हे बऱ्याचदा बंद असतं. आणि शेवटी ड्रायव्हरची प्रत. पेनड्राइव्हवर रिकामा फोल्डर करा, टर्मिनल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि रोमन लिपीत ही आज्ञा द्या: पीएनपीयुटिल (pnputil), मोकळी जागा, स्लॅश एक्स्पोर्ट-ड्रायव्हर (/export-driver), मोकळी जागा, तारांकन, मोकळी जागा, त्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर तिथे उतरतात. फोल्डरला लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख असं नाव द्या. पुढच्या फॉरमॅटनंतर ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’मध्ये हाच फोल्डर दाखवायचा, वाय-फायपासून सुरुवात करून.